नाळेवरचा बीव्हर : अँगूनच्या एका कोरीव प्राण्याचे प्रकरण

१९९९ च्या जानेवारीत अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरून आलेली ट्लिंगिट या मूलनिवासी समाजातली काही ज्येष्ठ मंडळी न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या साठवणखोल्यांत आपल्या पूर्वजांच्या वस्तू पाहत होती. तेथे त्यांच्यासमोर लाकडात कोरलेला एक बीव्हर, म्हणजे पाण्याकाठी राहणारा, झाडे कुरतडणारा प्राणी, आला. संग्रहालयाच्या लेखी ती नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवण्याची एक आकृती होती, हजारो वस्तूंमधली एक. अँगून गावाशी नाते असलेल्यांना मात्र ती कोणाची हे लगेच उमगले. १८८२ साली अमेरिकी नौदलाने त्यांचे गाव तोफा डागून जाळले, तेव्हा जी एक नौका वाचली तिच्या नाळेवर हाच बीव्हर होता, आणि त्या नौकेची हकिकत गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाबाहेर गेलेला हा बीव्हर १९९९ मध्येच अँगूनला परत पोचला.

उत्तर पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कोरीव प्राण्यांविषयी आपण वाचू लागतो तेव्हा सुरुवात बहुधा ओळखपरेडीने होते. लांब सरळ चोच असेल तर डोमकावळा, चोच खाली वळलेली असेल तर गरुड, पाठीवर उंच पर असेल तर किलर व्हेल, पुढचे दोन मोठे दात, जाळीदार रेघांची चपटी शेपटी आणि पुढच्या पंजांत धरलेली काठी असेल तर बीव्हर. ही ओळख उपयोगाची आहे, पण तिच्यावर थांबले तर महत्त्वाचे ते हातातून निसटते, असे माझे मत आहे. हा प्राणी कोणता, यापेक्षा तो कोणाचा आणि त्याच्यासाठी काय मोजले गेले, हे प्रश्न ट्लिंगिट समाजात आधी येतात. अँगूनचे प्रकरण मी निवडले ते त्यासाठी. या एका प्रकरणात कुळाचा प्राणीही आहे आणि शमनाचा, म्हणजे आत्म्यांच्या साह्याने आजार काढणाऱ्या माणसाचा, मृत्यूही आहे. आणि शमनाच्या गळ्यात, अंगावर असणारे प्राण्यांचे छोटे ताईत कुळाच्या प्राण्याहून किती निराळे असतात, हे या दोहोंना शेजारी ठेवल्यावर जितके स्पष्ट होते तितके संग्रहालयाच्या कपाटासमोर उभे राहून होत नाही.

ऑक्टोबर १८८२

अँगून हे अ‍ॅडमिरल्टी बेटावरचे गाव. बेटाचे ट्लिंगिट नाव खूत्सनूवू, म्हणजे तपकिरी अस्वलांचा गड, आणि आजही त्या बेटावर माणसांपेक्षा अस्वले जास्त आहेत. १८६७ मध्ये अमेरिकेने अलास्का रशियाकडून ७२ लाख डॉलरना विकत घेतला, परंतु तेथे नागरी शासन येण्यास १८८४ उजाडले. मधल्या काळात आधी सैन्याचा आणि १८७९ पासून नौदलाचा अंमल होता. सिटका बंदरात उभ्या असलेल्या युद्धनौकेचा कप्तान म्हणेल तो कायदा, अशी स्थिती होती. ट्लिंगिट लोकांनी आपली भूमी कोणाला विकली नव्हती आणि आपला कायदाही सोडून दिला नव्हता.

अँगूनजवळ किलिस्नू येथे नॉर्थवेस्ट ट्रेडिंग कंपनीचे ठाणे होते आणि गावातली माणसे तिच्या नौकांवर देवमाशांच्या शिकारीला जात. १८८२ च्या ऑक्टोबरात अशाच एका शिकारीत हार्पून-बाँबचा, म्हणजे देवमासा मारण्याच्या स्फोटक भाल्याचा, स्फोट होऊन नौकेवरचा एक ट्लिंगिट माणूस मरण पावला. त्याचे नाव तिल्तलेन. तो शमन होता, म्हणजे गावातला मोठा माणूस. ट्लिंगिट कायद्याप्रमाणे मृत्यू अपघाताने झाला तरी ज्याच्या कामावर तो झाला त्या पक्षाने भरपाई द्यायची असते, आणि मृताचा मान जितका मोठा तितकी भरपाई मोठी. गावाने २०० ब्लँकेटे मागितली. ब्लँकेट हे त्या काळी किनाऱ्यावरचे चलनच होते. पुढे काय घडले याच्या दोन हकिकती आहेत. नौदलाच्या कागदांत असे म्हटले आहे की गावकऱ्यांनी दोन गोऱ्या माणसांना ओलीस धरले आणि कंपनीच्या नौका व जाळी ताब्यात घेतली. गावातली परंपरा सांगते की लोकांनी रिवाजाप्रमाणे काम थांबवले, सुतक पाळले आणि कंपनीनेही ते पाळावे अशी अपेक्षा ठेवली. कंपनीच्या व्यवस्थापकाने सिटकाला जाऊन नौदलाकडे मदत मागितली.

कमांडर ई. सी. मेरिमन कॉर्विन ही सरकारी नौका आणि फेव्हरिट ही छोटी बोट घेऊन आला. त्याने भरपाईची मागणी उलटी फिरवली : गावानेच दंड म्हणून ४०० ब्लँकेटे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणून द्यावीत, नाहीतर गाव नष्ट केले जाईल. इतकी ब्लँकेटे एवढ्या वेळात जमणे शक्य नव्हते. २६ ऑक्टोबरला आधी नौका फोडण्यात आल्या, मग गावावर तोफा डागण्यात आल्या, आणि त्यानंतर किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांनी उरलेली घरे पेटवली. सुमारे ४० नौका गेल्या. हिवाळ्यासाठी सुकवून, धुरवून ठेवलेले मासे, तेलाच्या पेट्या, घराघरांतले कुळांचे धन जळाले. धुराने गुदमरून सहा मुले मेली. हा आकडा गावाने जपलेला आहे. ऑक्टोबरअखेरीस त्या अक्षांशावर थंडी उंबरठ्यापर्यंत आलेली असते, आणि नौकेवाचून मासा नाही, सील नाही, शेजारच्या गावाकडे मदत मागायला जाण्याची वाटही नाही. नौका नसलेले बेट म्हणजे काय, हे आपल्याकडच्या खाडीकाठच्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

त्या वेळी एक नौका गावात नव्हती, म्हणून ती वाचली. तिच्या नाळेवर बीव्हर होता. पुढचा हिवाळा गाव त्या एका नौकेच्या जिवावर तगले, असे अँगूनचे लोक सांगतात.

बीव्हर कोणाचा

ट्लिंगिट समाजाचे दोन अर्धे भाग आहेत, डोमकावळा आणि गरुड (काही ठिकाणी दुसऱ्या अर्ध्याला लांडगा म्हणतात). रिवाजाप्रमाणे विवाह विरुद्ध अर्ध्यातच होतो आणि मूल आईच्या कुळाचे असते. त्यामुळे वारसा बापाकडून मुलाकडे जात नाही, तो मामाकडून भाच्याकडे जातो. प्रत्येक अर्ध्यात अनेक कुळे, आणि प्रत्येक कुळाची घरे. बीव्हर हे अँगूनच्या देशीतान या कुळाचे चिन्ह. हे कुळ डोमकावळ्याच्या बाजूचे आहे. त्यांच्या मूळ घराच्या नावाचा अर्थ ‘वाटेच्या टोकाचे घर’ असा होतो, आणि ती वाट बीव्हरची होती : बीव्हरच्या मागावर चालत गेलेल्या पूर्वजांना आजच्या अँगूनची जागा सापडली, असे कुळाचा इतिहास सांगतो.

मराठी वाचकाला येथे देवक आठवेल, आणि ते आठवणे चुकीचे नाही. कुळाला एखादे झाड, पान किंवा वस्तू देवक म्हणून लागते, ज्यांचे देवक एक त्यांच्यात सोयरीक होत नाही, आणि लग्नात ते देवक बसवावे लागते. परंतु साम्य तेवढ्यावरच संपते. देवक बापाकडून येते. आणि कळंबाची फांदी दुसऱ्या कोणी रंगवली तर देवकवाल्या कुळाचा अधिकार भंगला, असे आपण समजत नाही. देशीतानांचा बीव्हर मात्र देशीतानांचाच असतो. त्याची आकृती, त्याची कथा, त्याचे गाणे, त्यावरून पडलेली माणसांची नावे, हे सर्व कुळाच्या मालकीचे, आणि परक्याने ते परवानगीवाचून वापरले तर ती चोरी.

या मालकीला ट्लिंगिट भाषेत ‘अत्ऊ’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मिळवलेली, किंमत मोजून घेतलेली वस्तू. किंमत पैशांत मोजलेली नसते. एखाद्या पूर्वजाने त्या प्राण्याशी गाठ पडताना जीव गमावला, कुळावर संकट आले, कोणी वाहून गेले, कोणी उपाशी मेले, आणि त्या दुःखाच्या मोबदल्यात त्या प्राण्यावर, जागेवर किंवा घटनेवर कुळाचा हक्क बसला. कोरलेली वस्तू तेवढ्याने अत्ऊ होत नाही. ती कोरण्याचे काम विरुद्ध अर्ध्यातल्या माणसाला द्यावे लागते, मग मोठा भोजनसमारंभ करून ती वस्तू विरुद्ध अर्ध्याच्या पाहुण्यांपुढे मांडावी लागते, तिची कथा म्हणावी लागते आणि साक्षीदार म्हणून त्या पाहुण्यांना देणगी द्यावी लागते. या समारंभाला कू-ईख म्हणतात. साक्षीदारांनी देणगी स्वीकारली म्हणजे हक्क मान्य झाला. हे दस्तऐवज नोंदवण्यासारखेच आहे, फक्त नोंद कागदावर नसून माणसांच्या स्मरणात असते.

आता १८८२ कडे पाहावे. बीव्हर आधीपासूनच कुळाचा होता. परंतु त्या हिवाळ्यानंतर त्या एका विशिष्ट बीव्हरवर, त्या विशिष्ट लाकडावर, जळालेल्या गावाचा आणि गेलेल्या मुलांचा भार बसला. किंमत पुन्हा मोजली गेली. म्हणून दुसरा एखादा तितकाच सुबक बीव्हर त्याची जागा घेऊ शकत नव्हता, आणि म्हणूनच साठवणखोलीत तो समोर आला तेव्हा त्याचे स्वागत हरवलेल्या नातेवाइकासारखे झाले. ही भाषा बाहेरच्या माणसाला भावुक वाटेल. ती त्या समाजाच्या कायद्याचीच भाषा आहे.

शमनाचे प्राणी

तिल्तलेनच्या मृत्यूपासून हे सर्व सुरू झाले, आणि तो शमन होता ही गोष्ट बहुतेक वर्णनांत एका शब्दात उरकली जाते. मला ती येथे सविस्तर पाहावीशी वाटते, कारण या किनाऱ्यावरचे सर्वांत सूक्ष्म कोरीवकाम शमनांच्याच अंगावर होते.

ट्लिंगिट शमनाला ईख्त म्हणतात. आपल्याकडच्या भगताप्रमाणे तो आजार काढी, पण शिकारीचे भाकीत, हरवलेल्या माणसाचा शोध, दूरच्या शत्रूची चाहूल, जादूटोणा करणाऱ्याचा छडा ही कामेही त्याचीच. त्याला साह्य करणाऱ्या आत्म्यांना येक म्हणतात. येक मिळवायचे तर रानात एकांतात उपास करावा लागे. जो प्राणी त्याच्यासमोर येऊन जीव सोडी, त्याची जीभ कापून शमन आपल्याजवळ ठेवी. या जिभांत पाणमांजराची जीभ सर्वांत बलवान. पाणमांजर पाण्यातही राहते आणि जमिनीवरही, आणि बुडालेली किंवा थंडीत भरकटलेली माणसे पाणमांजरांच्या तावडीत सापडून त्यांच्यासारखी होतात, अशी त्या किनाऱ्यावर भीती आहे. सामान्य माणसाने ज्या प्राण्यापासून दूर राहायचे, त्याच्याशीच शमनाने करार करायचा. पाणमांजर सहसा कोणत्या कुळाचे चिन्ह होत नाही, आणि ते ताइतांवर वारंवार दिसते, यावरूनच दोन प्रकारच्या कोरीव प्राण्यांतली सीमारेषा कळते.

हे ताईत बोटभर, फार तर वीतभर लांबीचे. हाड, वॉलरसचा सुळा, देवमाशाचा दात, अस्वलाचा दात, सांबरवर्गीय प्राण्याचे शिंग, अशा टणक द्रव्यांत कोरलेले. वॉलरस ट्लिंगिट पाण्यात राहत नाही, त्याचा सुळा उत्तरेकडून व्यापाराने येई. आणि डोळ्यांत जडवलेला चमकदार अ‍ॅबलोनी शिंपला दक्षिणेकडून, कॅलिफोर्नियाच्या बाजूने. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या त्या वस्तूत हजारो मैलांचा किनारा एकत्र आलेला असे. काही ताईत गळ्यातल्या माळेत ओवलेले, काही कातडी वस्त्राला शिवलेले. शमन नाचू लागला की ते एकमेकांवर आपटत आणि त्यांचा खुळखुळाट येकांना बोलावी.

असा एक ताईत जवळून पाहू. देवमाशाच्या दाताची मूळची वक्र ठेवण कोरणाऱ्याने मोडलेली नाही, तिलाच प्राण्याची पाठ केले आहे. जाड टोकाला पाणमांजराचे डोके, रुंद ओठ किंचित उघडे. त्याच्या पाठीवर एक माणूस पडलेला आहे, गुडघे पोटाशी घेतलेले, बरगड्या एकेक मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. त्या माणसाची जीभ बाहेर आलेली आहे आणि ती पुढच्या दुसऱ्या प्राण्याच्या तोंडात गेलेली आहे. निमुळत्या टोकाकडे ऑक्टोपसच्या हाताची शोषके गोल गोल ओळीने उतरतात. प्रत्येक सांध्याच्या जागी एक डोळा. मधोमध आरपार दोन भोके, वस्त्राला शिवण्यासाठी, आणि त्या भोकांच्या कडा दोऱ्याने झिजून गुळगुळीत झालेल्या. कोणतीही एक वस्तू समोर ठेवून मी हे लिहिलेले नाही, पण संग्रहांतल्या ट्लिंगिट ताइतांवर हे घटक पुनःपुन्हा, निरनिराळ्या जुळणीने येतात. बरगड्या दिसतात कारण शमनाला माणसाच्या आत दिसते. जिभेने जीभ जोडलेली असते कारण शक्ती जिभेवाटे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. सांध्यांत डोळे असतात कारण शरीराचा प्रत्येक सांधा जिवंत आणि जागा मानला जातो.

कुळाच्या खांबांवर, पेट्यांवर, भिंतींवर जी शिस्त दिसते ती येथे सैल होते. फुगत जाऊन निमुळती होणारी एकच जाड रेषा सर्व आकृतीभर खेळवणे, कोपरे गोलावलेल्या लंबगोलांनी डोळे आणि सांधे भरणे, हा जो उत्तर किनाऱ्याचा रेखानियम १९६५ मध्ये बिल होल्म या अभ्यासकाने मांडला आणि ज्याला आज सर्व जण फॉर्मलाइन म्हणतात, तो ताइतांवर असतो, पण अंगाच्या वळणाप्रमाणे वाकलेल्या वस्त्रासारखा. कुळाचा प्राणी लांबून ओळखू आला पाहिजे, कारण तो पाहुण्यांना दाखवायचा असतो. ताइतावरचा प्राणी कोणाला ओळखू येण्याची गरजच नव्हती. तो शमनाला स्वप्नात जसा दिसला तसा कोरला जाई. म्हणून संग्रहालयांतल्या पाट्यांवर ‘अस्वल’, ‘लांडगा’ असे एका शब्दात लिहिलेले वाचले की मला ते अपुरे वाटते. त्याच किनाऱ्यावरचा कालवफोड्या पक्षी शमनाच्या खुळखुळ्यावर असतो आणि त्याच्या पाठीवर बहुतेकदा असाच छोटा प्रसंग कोरलेला असतो. समुद्र आणि जमीन यांच्या सीमेवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वावरणारा आणि कोणी येताच ओरडून सावध करणारा हा पक्षी शमनाने का निवडला असेल, हे त्याला कोकणच्या खडकांवर पाहिलेल्यालाही समजेल.

शमन मेला की त्याचे दहन होत नसे. इतर ट्लिंगिट माणसांचे होई, त्याचे नाही. गावापासून दूर एखाद्या भूशिरावर लाकडी घरकुल बांधून त्यात त्याला ठेवीत, आणि त्याची साधने त्याच्याबरोबर किंवा जवळच ठेवली जात. येक कुळातल्या एखाद्या भाच्याकडे आले तर काही साधने तो घेई. बाकी कोणी त्या जागेकडे फिरकत नसे. जाताना नौकेतून त्या बाजूला पाहणेही टाळीत.

गोळा करणाऱ्यांचा काळ

ज्या वर्षी अँगून जळाले, त्याच वर्षी जॉर्ज थॉर्नटन एमन्स हा तरुण नौदल अधिकारी अलास्कात दाखल झाला. पुढच्या दोन दशकांत त्याने जमवलेल्या ट्लिंगिट वस्तूंचे मोठे संग्रह न्यूयॉर्कच्या त्याच संग्रहालयाने विकत घेतले, आणि त्यांत शमनांच्या घरकुलांतून काढलेले ताईत, मुखवटे आणि खुळखुळे फार मोठ्या संख्येने होते. एमन्सने नोंदी काळजीपूर्वक केल्या. कोणत्या गावच्या, कोणत्या जागेवरच्या घरकुलातून वस्तू आली हे त्याने लिहून ठेवले, आणि आज वंशजांना आपला माग काढता येतो तो त्याच नोंदींमुळे. पण त्या नोंदी म्हणजे मृतांच्या घरातून वस्तू उचलल्याची कबुलीच आहे, हेही तितकेच खरे.

या वस्तू निघाल्या कशा, याचे उत्तर केवळ लोभात शोधून चालत नाही. १८३६-३७ च्या देवीच्या साथीत सिटका परिसरातले असंख्य लोक मेले. शमनांचे उपाय चालले नाहीत आणि रशियनांनी दिलेली लस चालली, तेव्हाच शमनांवरच्या विश्वासाला तडा गेला होता, असे त्या वेळी तेथे असलेला रशियन पाद्री व्हेनियामिनोव याने लिहून ठेवले आहे. अमेरिकी अमलात प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी शाळा काढल्या आणि शमनविद्येला सैतानी ठरवले. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी शमनांना पकडून त्यांचे केस कापले. शमन जन्मभर केस कापत नसे, कारण शक्ती केसांत राहते. त्यामुळे ती शिक्षा कैदेपेक्षा मोठी होती. अशा काळात काहींनी वस्तू विकल्या, काहींनी भीतीने टाकून दिल्या, आणि पुष्कळ वस्तू विचारण्यासारखे कोणी जवळ नसताना उचलल्या गेल्या. नौदलाचीच तोफ गाव जाळते आणि नौदलाचाच अधिकारी उरलेले वेचतो, हा योगायोग नव्हता. दोन्ही एकाच अधिकाराची कामे होती.

कायदा कोठे पुरतो आणि कोठे अडतो

१६ नोव्हेंबर १९९० रोजी अमेरिकेत मूलनिवासींच्या थडग्यांचे रक्षण आणि वस्तूंची परतफेड यांविषयीचा कायदा झाला, नॅग्प्रा या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा. त्यात मानवी अवशेष, थडग्यांतल्या वस्तू, पवित्र वस्तू आणि ‘सांस्कृतिक वारसा’ अशा वर्गवाऱ्या आहेत. शेवटची वर्गवारी ट्लिंगिट कुळांसाठी कळीची ठरली. जी वस्तू समूहासाठी आजही महत्त्वाची आहे आणि जी कोणा एका व्यक्तीला विकण्याचा किंवा देण्याचा अधिकारच नव्हता, ती या वर्गात येते. अत्ऊची व्याख्या अमेरिकी कायद्याच्या भाषेत कोणी लिहायची ठरवली असती तर ती जवळजवळ अशीच झाली असती. घरप्रमुख हा वस्तूचा राखणदार असतो, मालक नव्हे. म्हणून त्याने अडचणीत विकली असली तरी विक्री मुळातच अवैध. बीव्हरच्या बाबतीत कुळ ठाऊक होते, हकिकत ठाऊक होती, ती सांगणारे जिवंत होते, आणि संग्रहालयानेही वाद वाढवला नाही.

तरीही एक गोम आहे. कायदा ‘जमाती’ला ओळखतो, कुळाला ओळखत नाही. मागणी बहुतेक वेळा ट्लिंगिट आणि हैडा जमातींच्या मध्यवर्ती परिषदेमार्फत किंवा गावाच्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जाते, आणि मग वस्तू कुळाच्या स्वाधीन होते. ज्या समाजात हक्क कुळाकडे असतो त्याला आपल्या हक्कासाठी दुसऱ्याचे नाव पुढे करावे लागते.

ताइतांपाशी मात्र कायदा खरोखर अडखळतो. ताईत एका माणसाचा होता. येक त्याला भेटले, कुळाला नव्हे. म्हणजे तो सांस्कृतिक वारसा म्हणून मागता येईलच असे नाही. तो थडग्यातला म्हणावा, तर त्याच्याबरोबरचा देह त्याच संग्रहात असेलच असे नाही. तो पवित्र म्हणावा, तर आजच्या धर्माचरणात तो लागतो हे दाखवावे लागते, आणि ज्यांनी शमनविद्याच मोडून काढली त्यांच्याच कायद्यापुढे ती चालू असल्याचा पुरावा द्या, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय घरी आणणे हा प्रत्येक वेळी आनंदाचा प्रश्न नसतो. बीव्हर घरात ठेवता येतो, त्याला समारंभात पुढे आणता येते. शमनाचा ताईत ज्याच्याकडे येक नाहीत अशा माणसाने हाती घेणे धोक्याचे, असे मानणारी माणसे आजही आहेत. तो गावात कोठे ठेवायचा? कोणी सांभाळायचा? पुन्हा भूशिरावर नेऊन ठेवावा, तर चोरांपासून त्याचे रक्षण कोण करणार? काही वंशजांना तो परत हवा असतो; काहींना तो निदान लोकांच्या नजरेआड ठेवला जावा, एवढेच हवे असते. हा निर्णय कुळाने, आपल्या वेळेने घ्यायचा आहे. पण प्रदर्शनातून तो काढणे त्या निर्णयासाठी थांबलेले नसावे, असे मला ठामपणे वाटते.

या दिशेने पहिले बंधनकारक पाऊल १२ जानेवारी २०२४ ला पडले. त्या दिवसापासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा वस्तू प्रदर्शित करण्यापूर्वी किंवा त्यांवर संशोधन करण्यापूर्वी संबंधित समाजाची आगाऊ संमती घ्यावी लागते. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या या संग्रहालयाने आपली दोन मोठी दालने बंद केली आणि इतरत्रही काही कपाटे झाकली. त्याचे वायव्य किनारा दालन, जे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस याने १८९९ मध्ये उभे केले होते, २०२२ मध्ये मूलनिवासी सल्लागारांच्या सहभागाने नव्याने मांडले गेले होते. त्या कामातला सहसंयोजक, नू-चा-नुल्थ समाजातला हायूप्स, याने तेव्हाच जाहीरपणे म्हटले होते की या वस्तूंची खरी जागा त्यांच्या लोकांच्या घरांतच आहे.

परत आल्यावर

परत आलेल्या वस्तूबरोबर संग्रहालयाचा काळही येतो. किडीपासून बचाव म्हणून जुन्या काळी संग्रहालये लाकूड, कातडे, लोकर यांवर आर्सेनिक आणि पाऱ्याची संयुगे मारीत. कपाटातल्या वस्तूला त्याने बिघडत नव्हते. पण जी टोपी समारंभात डोक्यावर घ्यायची, जे वस्त्र अंगावर घेऊन नाचायचे, त्याच्यावर विष असले तर? म्हणून परतलेल्या वस्तू आधी तपासून घ्याव्या लागतात. याच गावाशी संबंधित दुसरी एक वस्तू, दाक्लवेदी कुळाची किलर व्हेलची टोपी, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २००५ च्या जानेवारीत कुळप्रमुख मार्क जेकब्स ज्युनियर यांच्याकडे परत केली. ते तेव्हा मरणशय्येवर होते आणि काही दिवसांतच गेले. टोपी त्यांच्या हयातीत पोचावी म्हणून घाई करण्यात आली. पुढे कुळाच्या संमतीने तिची त्रिमितीय मोजणी करून संग्रहालयासाठी प्रतिकृती बनवली गेली. प्रतिकृती दिसायला हुबेहूब आहे. पण कुळाचे लोक दोहोंत गल्लत करीत नाहीत, कारण किंमत एकीचीच मोजली गेली आहे.

अँगूनच्या नुकसानीचा सरकारी हिशेब १९७३ मध्ये झाला. मूलनिवासींचे सरकारवरचे दावे ऐकणाऱ्या इंडियन क्लेम्स कमिशनच्या तडजोडीत मालमत्तेच्या नुकसानीपोटी ९०,००० डॉलर मिळाले, तेही १८८२ च्या किमतींनी. माफी मात्र मिळाली नाही, आणि गाव ती मागत राहिले. २०२३ च्या उन्हाळ्यात गावातल्या विद्यार्थ्यांनी कसलेल्या कोरक्याच्या हाताखाली काम करून एका ओंडक्याची नौका कोरली आणि पाण्यात सोडली. तोफा डागल्या गेल्या त्यानंतर अँगूनमध्ये तयार झालेली ती अशी पहिलीच नौका. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये नौदलाने शेजारच्या केक गावाची, तेथे १८६९ मध्ये केलेल्या विध्वंसाबद्दल, माफी मागितली. आणि २६ ऑक्टोबर २०२४ रोजी, बरोबर १४२ वर्षांनी, रिअर अ‍ॅडमिरल मार्क सुकाटो याने अँगूनमध्ये गावकऱ्यांसमोर उभे राहून नौदलाच्या वतीने माफी मागितली.

ट्लिंगिट कायद्यात माफीही साक्षीदारांपुढे व्हावी लागते, आणि त्या दिवशी दोन्ही अर्ध्यांची माणसे हजर होती. तिल्तलेनच्या मृत्यूपोटी मागितलेल्या २०० ब्लँकेटांचा हिशेब मात्र, त्या कायद्याप्रमाणे, नौदलाकडे नव्हताच. तो त्या कंपनीकडे होता, आणि ती केव्हाच उरलेली नाही.